आत्याचा तांब्या

कार्तिकी एकादशी होऊन आठवडा झाला होता. आत्याच्या वर्षश्राद्धाचं काय करायचं ते ठरवायला दादा आणि मी तरडगावला तिच्या घरी जमलो होतो. लोणंदहून फलटणकडे जाताना रस्त्याला लागूनच हे घर आहे. दर आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदीत पादुकांचं स्नान उरकून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला थांबते आणि चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण करून आमच्या गावी मुक्कामाला येते. या एका दिवसासाठी आत्याचं सगळं वर्ष चालायचं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सव्विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, पदरी मूल नाही. सासरची चार एकर जिरायत, करारी सासू आणि हे कौलारू घर एवढ्यावर तिनं पुढची छप्पन्न वर्षं काढली. वडिलांच्या सारख्या बदल्या होत म्हणून दादा पाचवीपासून दहावीपर्यंत तिच्याकडे शिकला. मी मे महिन्याच्या सुट्टीत आणि पालखीच्या दिवशी जायची. म्हणजे ती मला सणासुदीची भेटली आणि दादाला रोजची. हा फरक आमच्या सगळ्या वादांच्या मुळाशी आहे, असं मला आता वाटतं.

दादा विज्ञानाचा शिक्षक होता, आता निवृत्त आहे. देव मानत नाही, आणि ते कुणापासून लपवत नाही. मी एकादशी करते, संध्याकाळी हरिपाठ म्हणते. त्या दुपारी ओसरीवर आमचं जे बोलणं झालं ते जमेल तसं इथे मांडते आहे. दादाला वाचून दाखवलं आहे. त्यानं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

दादा : कीर्तन नको. मंडप, पंगत, बुवांची बिदागी, सगळं धरून साठ-सत्तर हजार कुठे गेले ते कळणार नाही. तेवढ्यात वाडीवस्तीवरून शाळेत चालत येणाऱ्या दहा-बारा पोरींना सायकली होतील. आत्याच्या नावानं द्यायच्या आणि विषय संपवायचा.

मी : विषय संपवायचा? वर्षश्राद्ध आहे दादा, लाइटबिल नाही.

दादा : गेलेल्या माणसाला काही पोचत नाही, हे मी तुला नव्यानं सांगायला हवं का? जे काही पोचतं ते जिवंत माणसाला. आणि आत्यानं तरी जन्मभर दुसरं काय केलं? जिवंत माणसांना जेवायलाच घातलं ना?

मी : घातलं. पण कुणाला घालते आहे असं ती समजत होती? तिच्या लेखी दारात येणारा प्रत्येक जण माउली होता. ती माणसाला जेवू घालत नव्हती रे, देवाला घालत होती. हे तू काढून टाकलंस तर तुझ्या हातात फक्त भाकऱ्यांचा हिशेब उरतो.

दादा : भाकऱ्यांचाच हिशेब खरा. बाकीचं तुझ्या मनातलं.

असं सुरू झालं. खरं तर दादाला भाकऱ्यांचं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पालखीच्या दिवशी पहाटे तीनला चूल पेटायची. शेजारच्या दोघी-तिघी परातीला बसायच्या, जर्मनच्या मोठ्या पातेल्यात पिठलं रटरटायचं, पाट्यावर ठेचा वाटला जायचा. 1973 च्या आषाढात घरात ज्वारीचा दाणा नव्हता. बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष होतं ते. रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी मिळत होती, तिची भाकरी धड थापली जात नाही, तुटते. आत्यानं त्या तुटक्या भाकऱ्या केल्या आणि दादाला दारात उभं केलं. मला ती गोष्ट एवढीच ठाऊक होती. दादानं पुढचं सांगितलं.

दादा : मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. मला लाज वाटत होती. तुकड्यांची टोपली घेऊन काय उभं राहायचं? एका म्हाताऱ्या वारकऱ्यानं तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. मग आत जाऊन मी आत्याला विचारलं, आपल्याला रात्री काय? ती म्हणाली, ‘आपून घरात हाओत बाबा, त्ये वाटंवर हाईत.’ त्या उत्तरात देव कुठे आहे सांग मला. घरात असलेल्यानं वाटेवरच्याला द्यायचं, एवढा साधा व्यवहार आहे तो.

मी : साधा असता तर सगळ्या गावानं केला असता.

दादा : गावात बऱ्याच घरांनी केला होता त्या वर्षी.

मी : कारण त्या सगळ्या घरांसमोरून माउली चालली होती. त्याच दुष्काळात एखादी वरात याच रस्त्यानं चालली असती, तर निघाल्या असत्या का टोपल्या बाहेर?

दादा यावर गप्प बसला. मग उठून आत गेला आणि दोन कप चहा करून आणला. वाद चालू असताना चहा करणारा माणूस आहे तो. ती सवय आत्याची.

मी : तू तिचं वैधव्य विसरतोस दादा. मी बाई म्हणून सांगते. संक्रांतीला हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नव्हतं. लग्नघरात ती मागच्या दारानं जायची आणि स्वयंपाकाला हात लावून परत यायची. मी सात-आठ वर्षांची असेन. चांदोबाच्या लिंबापाशी तिच्याबरोबर रिंगण बघायला गेले होते. घोडा धावून गेला, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले. आणि मग बायकांच्या फुगड्या सुरू झाल्या. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एक बाई आली. तिनं वृंदावन खाली ठेवलं, आत्याच्या कपाळाला बुक्का लावला, हात धरले आणि ओढलंच तिला. तुला सांगते, मी आत्याला तशी कधीच पाहिली नव्हती. पदर खोचलेला, चपला कुठेतरी भिरकावलेल्या, मान मागे टाकलेली, आणि हसतेय. समोरच्या बाईच्या कपाळाला कुंकू होतं आणि हिच्या कपाळाला बुक्का. दोघी सारख्याच गरगर फिरत होत्या. वारी नसती, तर आत्याला हसायला जागा कुठे होती?

दादा : हे मान्य.

मी : एवढं पटकन?

दादा : मान्य आहे म्हणून म्हटलं. पण आता पुढचं ऐक. हळदीकुंकवाला तिला न बोलावणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांच्या घरात माळकरी होते. पालखीच्या दिवशी माउली, माउली म्हणून एकमेकींच्या पायावर डोकं ठेवायचं आणि संक्रांतीला दार लावून घ्यायचं. एक दिवसाचा बुक्का आणि तीनशे चौसष्ट दिवसांचं पांढरं कपाळ. ते तीनशे चौसष्ट दिवस मी पाहिलेत, तू नाही.

मी : तिच्यासाठी त्या एका दिवसानं बाकीचे दिवस सोसवत असतील.

दादा : ते सोसायला लागू नयेत यासाठी काय करायचं, हा माझा प्रश्न आहे. देवानं तिला सोसायला शिकवलं. मला तेवढं पुरत नाही.

मग विषय तिच्या साखरेवर गेला. तो जाणारच होता. साठीनंतर आत्याला मधुमेह निघाला. गोळ्या सुरू झाल्या, पण महिन्याच्या दोन्ही एकादश्या ती सोडेना, आणि एकादशीला पाणीसुद्धा जेमतेम. गोळी घ्यायची आणि दिवसभर उपाशी राहायचं! एका एकादशीला दुपारी ती गोठ्यात कोसळली. घामानं चिंब, बोलणं तुटलेलं. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं म्हणून वाचली. दादा पुण्याहून रात्री पोचला. तो त्या रात्री तिच्यावर किती ओरडला हे मला शेजारणीनं नंतर सांगितलं.

दादा : डॉक्टरांनी चार वेळा समजावलं होतं. मी चाळीस वेळा. साखर कमी झाली की मेंदूला काय होतं ते मी कागदावर काढून दाखवलं होतं. ‘व्हय रे बाबा’ म्हणायची आणि करायची तेच. पुढच्या आषाढात परभणीकडच्या एका दिंडीतले विणेकरी आले, तू त्यांच्या कानावर घातलंस, आणि ते तिला म्हणाले, ‘आजी, औषधाला एकादशी नाही, दोन घास खाऊन गोळी घ्यायची.’ झालं. पुढच्या एकादशीपासून भगर खायला लागली!

मी : म्हणजे ऐकलं ना शेवटी?

दादा : ऐकलं. पण विणेकऱ्याचं ऐकलं. ते भले गृहस्थ होते, योग्य तेच बोलले. उद्या तिथं दुसरा कुणी असता आणि म्हणाला असता, गोळ्या फेकून दे, माउली बघतील, तर? तेही ऐकलं असतं. माझी भीती ही आहे. तिची श्रद्धा चांगल्या माणसांच्या हातात पडली हे तिचं नशीब. सगळ्यांचं असं नसतं. गावोगाव पाहिलंय मी.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी एवढंच म्हणाले की आत्या अंगारे-धुपारे करणाऱ्यांच्या नादी कधी लागली नाही. अंगात येणाऱ्या बाईला तिनं एकदा ओसरीवरून सरळ सांगितलं होतं, ‘बाई, भूक लागली आसंल तर जेव, पण घुमू नगंस.’ दादा हसला. ते त्यानंच मला सांगितलेलं होतं.

मग त्यानं स्वतःहूनच एक आठवण काढली.

दादा : 20 ऑगस्ट 2013. सकाळी फिरायला निघालेल्या डॉक्टर दाभोलकरांना पुण्यात ओंकारेश्वरच्या पुलावर गोळ्या घातल्या. ते ज्यासाठी झटत होते त्या जादूटोणाविरोधी कायद्याला तोवर ज्यांनी विरोध केला होता त्यांत काही वारकरी संघटनाही होत्या, त्यामुळे माझं डोकं फिरलेलं होतं. कुणाशीच बोलावंसं वाटत नव्हतं. रात्री आत्याचा फोन आला. तिला ते नाव नीट घेता येत नव्हतं. म्हणाली, ‘तुझ्या मानसाला मारलं म्हनं रं?’ मी हो म्हटलं. नंतर कितीतरी वेळ दोघंही बोललो नाही. मग ती म्हणाली, ‘तू जेवलास का?’ मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, ‘म्या बी न्हाय.’ आणि फोन ठेवला.

मी : ही गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस.

दादा : सांगण्यासारखी वाटली नव्हती. फार जवळची होती.

मी : त्या संध्याकाळी तिनं हरिपाठ म्हटला असेल, दादा. रोज म्हणायची. आणि मग तुझ्या माणसासाठी उपाशी राहिली.

दादा : म्हटला असेल. त्याच तोंडानं मला जेवलास का विचारलं. मी त्यातलं दुसरं धरून बसलोय, तू पहिलं.

ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं होतं. कोनाड्यात तिचा पितळी तांब्या होता, रोज चिंचेनं घासून पिवळाधमक ठेवलेला असायचा, आता वर्षभरात काळवंडला होता. काठाजवळ अंगठ्याएवढा पोचा आहे. मी तो उचलून पदरानं पुसायला लागले.

दादा : तो खाली ठेव जरा. त्याबद्दल मला बोलायचं आहे.

मी : बोल की.

दादा : मी आठवीत होतो. 1974. वर्गात माझा जिवाभावाचा मित्र होता, बौद्धवाड्यातला. गणितात माझ्या पुढे. एप्रिलमधली दुपार, आम्ही दोघं पेपर देऊन चालत आलो. मी त्याला म्हटलं, चल, पाणी पिऊ. तो पायरीखालीच थांबला. मी म्हणतोय ये वर, तो येईना. त्याला माहीत होतं, मलाच माहीत नव्हतं. आत्या तांब्या घेऊन बाहेर आली आणि वरून म्हणाली, ‘वंजळ धर बाळा.’ त्यानं ओंजळ धरली. तिनं हातभर उंचावरून पाणी ओतलं. अर्धं पाणी त्याच्या कोपरावरून खाली गेलं, शर्ट भिजला. ती ‘बाळा’ म्हणत होती, प्रेमानं विचारत होती पेपर कसा गेला, आणि तांब्या त्याच्या हाताला लागू नये म्हणून जपत होती. दोन्ही एकाच वेळी! तो पुन्हा कधी या घरी आला नाही. शाळेत बोलायचा, पण आमची वाट वेगळी झाली.

मी : सासूची शिस्त होती रे ती. त्या बाईपुढे आत्याचं काय चालणार होतं?

दादा : सासू वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच होतो. तिला अडवणारं कुणी नव्हतं.

मी काही बोलले नाही. मी जिच्या आठवणीवर डोळे मिटून हात ठेवत आले ती आत्या आणि ही उंचावरून पाणी ओतणारी आत्या एकच होती, हे मला गिळायला वेळ लागत होता.

दादा : त्या रात्री तिनं हरिपाठ म्हटला होता. सत्तावीसच्या सत्तावीस अभंग. मी शेजारीच झोपलो होतो, ऐकत होतो. त्या रात्रीपासून मी हात जोडणं सोडलं. तुम्ही सगळे समजता मी विज्ञान शिकून नास्तिक झालो. मी त्या कोपरावरून गळणाऱ्या पाण्यामुळे झालो.

मी : आणि तरी तू तिच्यावर एवढं प्रेम केलंस.

दादा : तिनं बदलायला आठ वर्षं घेतली. पण बदलली. ते तुला माहीत आहे.

हो, तो भाग मला माहीत होता, मी तिथेच होते. 1982 चा आषाढ. पालखी यायच्या आधी दुपारी एक म्हातारी वारकरीण आमच्या दारासमोर रस्त्यात पडली. आत्या धावली. म्हातारीला आम्ही दोघींनी उचलून ओसरीवर आणलं, तिचं डोकं आत्यानं मांडीवर घेतलं आणि याच तांब्याचा काठ तिच्या ओठाला लावला. पाणी घोट घोट आत गेलं. मी पंख्यानं वारा घालत होते. म्हातारीनं डोळे उघडले, तांब्या पाहिला, आत्याच्या गळ्यातली माळ पाहिली आणि एकदम उठून बसायला लागली. म्हणाली, ‘आये, तुजा तांब्या बाटला की गं. म्या लई लांबची, म्हारवाड्यातली.’

वय सत्तरीच्या पुढचं. पायांच्या बोटांमध्ये चिखल्या पडून मांस दिसत होतं. आळंदीपासून अशी चालत आलेली, आणि पाणी पाजणाऱ्या बाईची माफी मागत होती.

आत्यानं तिला पुन्हा मांडीवर निजवलं. घंगाळात गरम पाणी काढून आणायला मला सांगितलं. तिचे पाय धुतले, चिखल्यांवर हळद घालून कोमट केलेलं तेल लावलं, एकेका बोटाला. सगळं न बोलता. तेल लावता लावता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती, हात तेलाचे होते म्हणून. म्हातारी रात्री आमच्याकडे राहिली, सकाळी दिंडीबरोबर गेली. त्या दिवसापासून या घरात कुणासाठीही ओंजळ धरायला सांगितली गेली नाही.

मी : हे घडलं ते कशामुळे, सांग. रोज संध्याकाळी भजनात ती चोखोबांचं, सोयराबाईचं नाव घेत होती. मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले आणि हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं म्हणून नामदेवांनी ती ओळखली, ही कथा तिनं आपल्याला कितीदा सांगितली! ते आत मुरत होतं, दादा. त्या दुपारी वर आलं.

दादा : त्या चोखोबांना जिवंतपणी देवळात जाता आलं नाही, समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्यांच्या लोकांना विठोबा भेटायला 1947 साल उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. सहाशे वर्षं चोखोबांचे अभंग गाणाऱ्यांना ते दार उघडता आलं नाही. मग मुरलं कुठे? आत्याला भजनानं जे कळलं नाही ते एका म्हातारीच्या कोरड्या ओठांनी कळवलं. ती माणुसकी होती.

मी : तुझ्या मित्राचे ओठ कोरडे नव्हते त्या एप्रिलच्या दुपारी? माणुसकी तर तिच्यात तेव्हाही होती. ‘बाळा’ म्हणत होती. मग ती का नाही पुरली?

दादा : देवही होता की तेव्हा. तो का नाही पुरला?

बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. रस्त्यावरून उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली गेली.

मी : तुझे गाडगेबाबा काय म्हणाले असते?

दादा : त्यांनी काही न म्हणता आधी झाडू घेतला असता. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली त्यांनी. मला देव नको, पण तसली माणसं देवाचं नाव घेतात तेव्हा मला राग येत नाही. आत्याचाही येत नसे, शेवटी शेवटी. 2020 साली पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, रस्ता मोकळा पडला होता, आठवतं? मी फोन केला तर ही भाकऱ्या थापत होती. म्हटलं, कुणासाठी? म्हणाली, नाक्यावर पोलिसांची पोरं उभी आहेत सकाळपासून. पालखी नाही, दिंडी नाही, रिंगण नाही. भाकरी मात्र होती.

मी : कारण तिच्यासाठी वारी चालूच होती.

दादा : माझ्या लेखी पोलिसांना भूक लागली होती. हे आपलं कधी मिटायचं नाही.

मग दादानं चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्याला काही जड बोलायचं असलं की तो असं करतो.

दादा : तुला एक सांगायचं राहिलंय. आत्याच्या दहाव्याला माझा तो मित्र आला होता. बँकेतून निवृत्त झालाय. पंचेचाळीसहून जास्त वर्षांत या घराकडे फिरकला नव्हता. घाटावर माझ्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, तुझी आत्या आमच्याकडे आली होती, तुला माहीत आहे का? मी म्हटलं, कधी? तर म्हणाला, बरीच वर्षं झाली, मी नोकरीवर होतो, आईनं सांगितलं. पालखी गेली आणि दोन-तीन दिवसांनी भरदुपारी ती एकटी बौद्धवाड्यात गेली. त्याच्या आईच्या दारात उभी राहिली. आई म्हणाली, काय पाहिजे? आत्या म्हणाली, ‘पानी दे.’ आईनं विचारलं, कशातून देऊ? आत्यानं सांगितलं, ‘तू पितीस त्यातनं.’ उंबऱ्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायली. ‘तुझ्या लेकाचा शर्ट भिजवला व्हता म्या,’ एवढंच म्हणाली आणि घरी आली.

मी : आणि हे तुला कधीच बोलली नाही?

दादा : नाही. मला तिच्यावर रागावून आठ वर्षं झालेली होती, तिला ते कळत होतं, आणि तरी मला येऊन सांगितलं नाही. जिला सांगायचं होतं तिला सांगून आली.

त्यानंतर मला वाद घालायचं सुचेना. मनात आलं, त्याला मी प्रायश्चित्त म्हणीन आणि हा न्याय म्हणेल. बोलले नाही. दादाच पुढे म्हणाला की त्यामुळे मित्राची ती दुपार परत येत नाही, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. आत्यानं पाणी मागितलं हे मोठंच, पण ते तिच्याकडून आठ वर्षं उशिरा झालं, आणि पोराला ते कळायला आणखी कितीतरी वर्षं गेली. आत्याला मोठं करताना त्या पोराला लहान करायचं नाही. मला ते पटलं.

मी : वर्षश्राद्धाला पहिलं पान त्याला वाढायचं का?

दादा : आधी त्याला विचारू. त्याला पाटावर बसवून आपण आपले हात धुतोय, असं त्याला वाटता कामा नये.

वर्षश्राद्ध मार्गशीर्षात झालं. कीर्तन ठेवलं, कारण त्यावर मी अडून बसले. दादा कीर्तनाला बसला नाही, मागे चुलाणावर होता. त्याच्या मित्रानं पहिलं पान नको म्हणून सांगितलं. ‘वाढायला उभा राहतो,’ म्हणाला. दोघांनी मिळून पंगत वाढली, पाण्याला तोच होता, हातात आत्याचा तांब्या. सायकलींचे पैसे दादानं शाळेत भरले आहेत, जूनमध्ये वर्ग सुरू झाले की त्या मिळतील.

हे लिहिते आहे तेव्हा ज्येष्ठ लागला आहे. थोड्याच दिवसांत माउलींची पालखी आळंदीहून निघेल. तरडगावच्या मुक्कामाला रस्त्याकडेच्या कौलारू घरात, हातपंपाशेजारच्या ओसरीवर, आजवर उतरलेल्या माउलींपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना एवढंच सांगायचं आहे. आत्या आता नाही, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसेल. पण घर बंद नाही. दादा आणि मी आदल्या दिवशीच तिथे पोचतो आहोत. घंगाळात पाणी तापलेलं असेल, तेल कोमट असेल, भाकरी ज्वारीची असेल. नेहमीसारखं सरळ ओसरीवर या, कुणी पायरीखाली थांबू नका.